मेंढीच्या रक्ताची फुलं

सांगली, १४ नोव्हेंबर १९७६

रोज काही लिहिणं मला जमायचं नाही, हे आधीच कबूल करून टाकते. पण मुंबईहून परत येऊन स्वतःची प्रयोगशाळा काढली, त्या भानगडीत काय काय झालं हे कुठंतरी राहायला हवं. नाहीतर पाच वर्षांनी नेमू म्हणेल, "आक्का, सगळं मीच केलं." नेमू म्हणजे नेमिनाथ, माझा धाकटा भाऊ. हळदीची आडत आहे त्याची. पेढीच्या मागच्या दोन खोल्या त्यानं मला दिल्यात. भिंतींना अजून हळदीचा वास येतो आणि टेबलावर बोट फिरवलं तर पिवळं होतं. बाहेर पाटी लागली : डॉ. गुणमाला मगदूम, रक्त, लघवी व थुंकी तपासणी. 'थुंकी' वाचून आईनं नाक मुरडलं.

रक्त-लघवीवर पोट भरेल, पण मी आले ते त्यासाठी नाही. मुंबईत दोन वर्षं घासून एक चाचणी शिकले. माझ्या माहितीत इकडं ती कुणी करत नाही. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांत मेंढीच्या तांबड्या पेशी मिसळायच्या, थंडीत ठेवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काही पांढऱ्या पेशी मेंढीच्या पेशींना अंगाभोवती चिकटवून घेतात. मधे एक, भोवती पाकळ्या. फूलच. ज्या पेशी असं फूल करतात त्या शरीराच्या राखणदार. आपलं कोण, परकं कोण हे त्या ओळखतात आणि परक्याला मारतात. त्यांच्या अंगावर कसलं तरी प्रथिन आहे, त्याला मेंढीची पेशी अडकते, कडीला कोयंडा अडकावा तशी. आता निसर्गानं ही कडी मेंढीसाठी तर केलेली नसणार. मग कशासाठी केली? मुंबईला सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुम्हीच शोधा, मगदूम." म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं फक्त एवढंच, की घरात मेंढीचं रक्त येणार.

"गुणे, जैनाच्या पोटी जन्माला आलीस ना गं?"

"आई, मेंढी मारत नाही. सुईनं थोडं रक्त काढते, मेंढी चरायला मोकळी."

"ते मेंढरू हो म्हणालं काय?"

फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात दूध आणि खालच्या कप्प्यात रक्त, असं ठेवणार नाही अशी शपथ घातली तिनं. फ्रीज वेगळा घ्यावा लागणार.

१९ नोव्हेंबर

कुपवाडच्या माळावर धुळा म्हणून एका धनगराचा तळ पडलाय. माण तालुक्याकडचा आहे. मी पिशवी घेऊन उतरले तसा तो काठी आडवी धरून उभा राहिला. सध्या सुई घेतलेलं माणूस दिसलं की गावंच्या गावं उसात पळतायत, त्यात नवल काय!

"बाई, खरं बोला. नसबंदीवाल्या न्हवं ना तुमी?"

"अरे बाबा, मेंढीचं रक्त पाहिजे. थोडंसं."

"मेंढराचीबी कराय लागली काय आता?"

मला एवढं हसू आलं की पिशवी खाली ठेवावी लागली. मग त्यालाही आलं. त्यानं स्वतः मेंढी धरली, मानेची लोकर बाजूला केली, मी रक्त घेतलं. मेंढी उठून अंग झाडून निघून गेली. परत आल्यावर आईला सांगितलं, तर म्हणाली, "उद्या जाशील तवा तिला मूठभर हरभऱ्याचं भुसकट घेऊन जा." म्हणजे माझा निम्मा विजय झाला.

दुपारी माझंच रक्त तपासलं. शंभर पेशींत पासष्ट फुलं! हळदीच्या गोदामामागं! एकटीच खुर्चीवरून उठून नाचले. बरं झालं, कुणी बघितलं नाही.

२ डिसेंबर

डॉ. उपाध्ये आज स्वतः एक केस घेऊन आले. मुलांचे डॉक्टर आहेत, गावातलं जुनं माणूस. बोलतात सावकाश, इतकं की समोरच्याला मधे झोप लागावी. पण माझ्या चाचणीवर विश्वास ठेवणारे ते पहिलेच.

पोर चार महिन्यांचं. कडेगावकडचं. आई अंजना, जेमतेम पंचविशीची. पोराचं नाव केरबा, कारण आधीची दोन गेली. देवाला हे पोर केरातलं वाटावं, त्यानं उचलून नेऊ नये, म्हणून असलं नाव. आधीची दोन्हीही मुलगेच, दोन्हीही वर्षाच्या आत, दोन्हीही असेच खोकत आणि हगत गेले. मुलगी तेवढी आहे, सहा वर्षांची, ठणठणीत. केरबाच्या तोंडात जिभेपासून घशापर्यंत बुरशीचा पांढरा बुरा. छाती घरघरते. डोळे मात्र मोठे आणि माझ्या चष्म्याकडं लावलेले. मी बोट पुढं केलं तर त्यानं धरलं.

बरोबर अंजनाचा थोरला दीर होता, मानसिंगराव. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त. ताठ, मिशीला पीळ, बूट पॉलिश केलेले. पोराचा बाप नाथाजी लडाखला बर्फात बसलाय, दिवाळीला सुट्टी काढून येऊन गेला. अंजना दिरासमोर डोक्यावरचा पदर सोडत नाही आणि तोंडही उघडत नाही. मी काही विचारलं की उत्तर मानसिंगराव देतात. पोराला दूध किती वेळा पाजता, हेही तेच सांगत होते. शेवटी मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, जरा बाहेर ऊन खाऊन या." गेले बिचारे.

ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाई, सासूबाई म्हंत्यात माज्या दुदात इख हाय. हाय का वो?"

मी तिच्यावरच ओरडले. नको होतं ओरडायला. "विष दुधात नाही, बोलणाऱ्याच्या तोंडात आहे," असं म्हणाले. ती रडली नाही, फक्त पोराचं टोपरं नीट केलं.

पोराचं रक्त घेतलं आणि संध्याकाळपर्यंत बघत होते. एकही फूल नाही. वाटलं, मेंढीचं रक्त शिळं झालं. लगेच माझं स्वतःचं रक्त त्याच मेंढीबरोबर लावलं. माझी फुलं फुलली. म्हणजे मेंढी बरोबर आहे आणि पोराच्या अंगात राखणदारच नाहीत. घर सताड उघडं आहे आणि दाराशी कुणी नाही. तरीच बुरा, तरीच खोकला. मला शोध लागल्याचा आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली.

५ डिसेंबर

पुन्हा तपासलं. नाहीतच.

पोर आता रुग्णालयात दाखल आहे. तिथल्या व्हरांड्यात मानसिंगरावांना आणि अंजनाला सांगितलं. ज्या पेशी रोगाशी लढतात त्या याच्यात जन्मतःच नाहीत, असे मुलगेच जन्मतात, मुलींना होत नाही, दूध-बीध काही नाही, कुणाचा दोष नाही. अंजनानं पदराआडून माझ्याकडं बघितलं. मानसिंगराव विचार करत राहिले.

"म्हंजी फौजच न्हाई म्हना की पोराकडं."

"तसंच."

"मग कुमक पाठवायची."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, जसं काही वायरलेसवर सांगायचा अवकाश. मी हसले. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना.

८ डिसेंबर

परदेशात अशा पोरांना भावंडाच्या हाडातला मगज घालतात म्हणे. कुठं जुळला तर पोर वाचतं. इथं ते कोण करणार? मुंबईलाही कुणी करत नाही. पण रक्त? रक्त तर आपण रोज चढवतो! बाटलीतलं शिळं नको, त्यातल्या पेशी मेलेल्या असतात. ताजं, धडधाकट माणसाच्या दंडातून निघालेलं, तासाभरात पोराच्या शिरेत. राखणदार आयते जातील, तिथं मुक्काम करतील.

डॉ. उपाध्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "गुणमालाबाई, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तकं आगबोटीनं येतात. तोपर्यंत पोर राहील का?"

"तसं नव्हे. उद्या काही झालं तर..."

"काही झालं तर म्हणजे काय होईल? तसाही तो जातोच आहे."

शेवटी ते म्हणाले, रक्त हळू द्या, हृदयावर ताण नको. एवढीच त्यांची काळजी. ही चांगली माणसं फार भितात, हेच खरं.

आता रक्त कुणाचं, यावरून व्हरांड्यात मोठाच तमाशा झाला. अंजनाचा भाऊ रहिमतपूरहून आला होता, तरणाबांड, दंड पुढं करून बसला. मानसिंगरावांनी त्याला उठवलं. "आमच्या पोराला आमचं रगात. सोयऱ्याचं न्हाई चालायचं. म्या जित्ता असताना पोराच्या अंगात दुसऱ्याचं रगात घालायचं?" तो बिचारा चहा पिऊन एसटी धरून गेला. मला हे घराण्याचं खूळ पटत नाही, पण मानसिंगरावांची तब्येत घोड्यासारखी आहे. गटही जुळला, अगदी तंतोतंत. मनात म्हटलं, चला, याच्या खुळातून पोराचं भलं होत असेल तर होऊ दे.

१० डिसेंबर

दिलं. मानसिंगराव खाटेवर सावधानमध्ये पडल्यासारखे पडले होते. सुई टोचल्यावर डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. बाटली भरत असताना तिच्याकडं टक लावून बघत होते. "किती तांबडं हाय बगा," म्हणाले. स्वतःच्याच रक्ताचं कौतुक! पोराला त्यातलं पाहिजे तेवढं थेंब-थेंब चढवलं. अंजना खाली पायाशी बसून एकसारखी त्याचा तळवा चोळत होती.

संध्याकाळी पोर गुलाबी झालं. खरंच. दूध प्यालं आणि ओकलं नाही.

१५ डिसेंबर

फुलं!

केरबाच्या रक्तात फुलं! शंभरात बारा. दोनदा मोजली. तिसऱ्यांदा डॉ. उपाध्यांना बोलावून दाखवली, तर ते सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. "राहिल्या की हो पेशी," म्हणाले, "मला वाटलं होतं दोन दिवसांत जातील." मीही तेच धरून होते. पण नाही गेल्या. बसल्या मुक्काम ठोकून.

आईनं पुरणाच्या होळग्या केल्या. मानसिंगरावांनी रुग्णालयात पेढे वाटले, झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत. मला दोन दिले आणि वर सलाम ठोकला. अंजना दिरासमोर पहिल्यांदाच हसली. मी आज रुबाबात आहे, कुणी काही बोलू नये. मुंबईला सरांना कळवायचं आहे, पण आधी अजून आकडे हवेत.

१९ डिसेंबर

पोराला ताप. कानामागं आणि तळहातावर बारीक तांबडे ठिपके. अंजना म्हणते गोवर. उशाशी लिंबाचा पाला ठेवलाय, पाहुण्यांना दारातूनच परत पाठवते. डॉ. उपाध्ये म्हणतात, गोवर तळव्यावर असा येत नाही, पण मग काय हे तेही सांगेनात. मला वाटतं गोवरच असावा. आणि असला तर वाईट तरी काय? आता लढायला फौज आहे. ताप म्हणजे लढाई चालू झाल्याची खूण. मी मानसिंगरावांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "मग काय काळजी न्हाई."

फुलं अठ्ठावीस.

२१ डिसेंबर

पुरळ पोटापर्यंत उतरलं. काही ठिकाणी कातडी सोलून निघतेय, भाजल्यासारखी. जुलाब हिरवे, पाण्यासारखे. डोळे पिवळे पडलेत. आज मी बोट पुढं केलं, त्यानं धरलं नाही.

फुलं चाळीसच्या वर.

हे काय चाललंय? फुलं वाढतायत आणि पोर खंगतंय. फौज वाढतेय आणि मुलूख हातचा जातोय. असा काय शत्रू शिरलाय की एवढ्या राखणदारांनाही आवरेना? रक्तात जंतू सापडत नाहीत, लघवीत नाही, कशात काही नाही. दिवसभर तेच डोक्यात. शेंगा सोलत बसलेल्या आईनं विचारलं, "पोरगं कसं हाय?" तर मी तिच्यावर खेकसले. मग जाऊन तिच्याजवळ बसले आणि शेंगा सोलल्या.

तिथं बसल्या बसल्या त्या कडीचं सुचलं, मेंढीच्या पेशी जिला अडकतात तिचं. ती धरण्यासाठीच असावी. कुणाला मारायचं तर आधी घट्ट धरायला नको? राखणदार पेशी समोरच्या पेशीला त्या कडीनं धरते, सुटू देत नाही, चाचपून बघते, आणि परकी निघाली की संपवते. मेंढीची पेशी चुकून त्या पकडीत सापडते, एवढंच. मला हे एकदम पटलं. सरांना सांगितलं तर खूष होतील. पण केरबाला त्याचा काय उपयोग?

डॉ. उपाध्यांशी बोलले. फौज आहे पण अपुरी आहे, असं माझं मत झालंय. दुसरी बाटली द्यायची. ते म्हणाले, "तुम्हाला खात्री आहे?" मी म्हटलं, "तुमच्याकडं दुसरं काही आहे?" मानसिंगरावांना निरोप धाडला.

२३ डिसेंबर



मानसिंगराव सकाळच्या गाडीनं आले. आल्या आल्या शर्टाची बाही वर केली. खाटेवर पडले, मी सुई घातली, बाटली भरायला लागली. त्यांना आज बोलायचं होतं. पोराचं अंग बघून आले होते, आतून हलले असणार, म्हणून बोलत होते.

"बाई, पोराची कातडी बगून मला माजी आटवन झाली. पासष्टच्या लढाईत रणगाडा पेटला तवा माजी मांडी भाजली. हे एवढं कातडं गेलं. तर मिल्ट्री हास्पिटलात डाक्टरनं दुसऱ्या एका जवानाचं कातडं लावलं. लय चांगलं चिकटलं वो! मला वाटलं बरा झालो. मग दोन आटवड्यांनी काळं पडाय लागलं आनि गळून गेलं. डाक्टर म्हनला, सुभेदार, तुमच्या अंगानं ते फेकून दिलं, परकं हाय म्हनून. म्या म्हनलं, साहेब, ते आपल्याच पलटणीचं होतं की! तर तो हसला. म्हनला, अंगाला पलटन कळत न्हाई."

ते स्वतःही हसले. मी बाटली धरून उभी होते. बाटली गरम होती.

अंगाला पलटण कळत नाही.

केरबाच्या रक्तात जी फुलं दिसली ती केरबाची नाहीत. केरबाकडं एकही फूल कधी नव्हतं. ती मानसिंगरावांची. धडधाकट माणसाच्या अंगात परकं रक्त गेलं तर त्याचे राखणदार त्या परक्या पेशींना मारून मोकळे होतात. केरबाच्या अंगात त्यांना मारणारंच कुणी नव्हतं. म्हणून त्या राहिल्या, पोसल्या, वाढल्या. आणि त्यांनी त्यांचं काम केलं. जे दिसेल ते धरलं. पोराची कातडी, आतडी, यकृत, सगळंच त्यांना परकं. रक्तगट जुळला म्हणजे सगळं जुळलं असं मी धरून चालले. मी, जी सगळ्या सांगलीला आपलं-परकं शिकवत सुटले होते!

मी सुई काढली, बोळा दाबला. बाटली घेऊन मोरीपाशी गेले आणि ओतली. सगळी. मागं खाट वाजली.

"आवं बाई! काय करतासा? रगात हाय ते माजं!"

मी एवढंच म्हणाले, "हे द्यायचं नाही."

"का न्हाई?"

"नाही द्यायचं."

त्यांनी मोरीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग शर्टाची बाही खाली केली आणि बटण लावलं. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मला लिहिता येत नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२६ डिसेंबर

डॉ. उपाध्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. ते खिडकीतून बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "मीही सही केली होती." स्टिरॉईडची इंजेक्शनं चालू आहेत. पुरळ थोडं फिकट झाल्यासारखं वाटलं, पण ते माझ्या डोळ्यांना वाटलं असेल.

"घरच्यांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"काय सांगणार? त्या माणसाला सांगणार, की तुझ्या रक्तानं तुझं पोर खाल्लं?"



२९ डिसेंबर

केरबा गेला. सकाळी. मी तिथं होते.

अंजना ओरडली नाही. त्याला टोपरं घातलं, काजळ लावलं, मांडीवर घेऊन बसून राहिली. मानसिंगराव दारात उभे होते, आत आले नाहीत. मी बाहेर पडताना त्यांनी वाट दिली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी धुळा मेंढी घेऊन पेढीवर आला. तळ हलतोय, जाण्याआधी रक्त पाहिजे असंल तर घ्या, म्हणाला. नको म्हटलं.

५ जानेवारी १९७७

आज मानसिंगराव आले. रुग्णालयात नाही, इथं, पेढीच्या मागं. अंजनाला बाहेर पायरीवर बसवलं आणि एकटेच आत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. आठ दिवसांत म्हातारे झालेत. मिशीचा पीळ उतरलाय.

"नाथाजीची तार आली. सुट्टी मंजूर झाली, यायला लागलाय. त्यो मला इच्यारनार, दादा, माज्या पोराला तू काय केलंस. तर मला एकच इच्यारायचं हाय. खरं सांगा. त्या दिशी दुसरी बाटली दिली असती, तर पोर वाचलं असतं का न्हाई?"

मला काय सांगता आलं असतं? 'नाही' म्हटलं तर विचारतील, का नाही? सुभेदार होते ते, अर्ध्यावर सोडणारं माणूस नव्हे. का नाही, का नाही करत पहिल्या बाटलीपर्यंत येतील. आणि मग? दंड पुढं करून पडलेलं ते माणूस, पेढे वाटणारं. त्यानं आयुष्यभर आपल्याच हाताकडं कसं बघायचं? भावाला तोंड कसं दाखवायचं? चूक माझी आहे. ओझंही माझंच असू दे.

"हो," मी म्हणाले. "वाचला असता."

मला वाटलं, आता हात उगारतात. मी उगारू दिला असता.

"मग वतलीसा का?"

"चुकले. घाबरले मी. माझी चूक."

त्यांनी मोठा श्वास सोडला. आणि काय सांगू, तोंडावर रंग आला त्यांच्या! खांदे सरळ झाले. एवढे दिवस काहीतरी उरावर घेऊन हिंडत होते, ते खाली ठेवल्यासारखं. दाराकडं वळून बाहेर ओरडले, "ऐकलंस का अंजना? रगात चांगलंच होतं आपलं. ह्या बाईनं मोरीत वतलं."

मग माझ्याकडं वळले. "तुमच्या दारात पुन्यांदा येनार न्हाई. पन एक शिकलो. आता पुढल्या पोराला आजारी पडंस्तवर थांबनार न्हाई. जन्मल्या दिवसापासनं माजं रगात देनार. सांगलीला न्हाई, दुसरीकडं कुटंबी. रगात द्यायला कुनी न्हाई म्हनत न्हाई."

सलाम केला नाही, गेले. बाहेर अंजना पायरीच्या कडेला वाकून कोरड्या ओकाऱ्या काढत होती. आईनं तिच्या पाठीवर हात फिरवला, आल्याचा तुकडा दिला, टांग्यात बसवून दिलं. आत येऊन म्हणाली, "पोरीला दिवस गेलेत बघ."

बरं झालं. रिकाम्या मांडीला काहीतरी होईल. आणि मानसिंगरावांच्या जिवाला थारा मिळाला, तो माझ्या खोटेपणानं मिळाला असला तरी मिळाला. जन्मात मी इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते, पण आजचं खोटं कुणाच्या तरी कामी आलं. सांगलीभर आता माझं नाव होईल, होऊ दे. पाटी उतरवायला लागली तर उतरवीन.

आईनं दिवस मावळायच्या आत ताट वाढलं. केरबा गेल्यापासून घास उतरत नव्हता. आज दोन भाकरी खाल्ल्या आणि वर ताक मागून घेतलं.